कोरांगचं माहेर

नलू वहिनी गेली त्या दिवशी शेतात कापसाची वेचणी होती. ती अंगणात सडा टाकत होती. खाली बसली आणि उठली नाही. दादा गोठ्यात होता. मी यवतमाळला कॉलेजात तास घेत होते. फोन आला. मी स्टँडवर गेले आणि नेरची एसटी धरली. बायांनी वेचणी अर्धी टाकली.

त्याला आता वर्ष झालं. पुन्हा कार्तिक सरत आला आहे आणि पुन्हा कापूस फुटला आहे. यवतमाळहून नेरकडे येताना रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. भरलेल्या गाड्या जवळून जातात, बाभळीचे काटे त्यांच्यातून थोडा थोडा ओढून घेतात, आणि महिनाभर ती झाडं भलत्याच फुलांनी फुलल्यासारखी उभी राहतात. लहानपणी मला ते सुंदर वाटायचं. या वर्षी खिडकीतून पाहताना वाटलं, ज्याचं त्याच्याजवळ राहिलं नाही ते असं कुठेही अडकून पडतं.

सई घरी आहे. सई वहिनीची मुलगी, नागपूरला शिकते. वर्षश्राद्धासाठी आली आहे. परवा ओसरीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिनं मला विचारलं की आईचं गाव कसं होतं. ते गाव तिनं पाहिलेलं नाही. ती जन्मायच्या आधीच ते धरणात गेलं. वहिनीनं तिला त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, पाण्याचं काय सांगायचं. "पण तुला सांगितलं असेल ना आत्या," सई म्हणाली. "तू तर तिच्यासंगं वेचायला जायचीस. मला कुठून तरी ती आणखी थोडी हवी आहे." एवढं बोलून ती शेंगांकडे पाहत राहिली. मी सांगते म्हणाले. श्राद्ध होऊ दे, मग सांगते.

लगेच सांगवलं नाही. वहिनीचं गाव मला ठाऊक नाही असं म्हणवत नाही, आणि ठाऊक आहे असंही नाही. मला ठाऊक आहे तो एक ग्रह.

वहिनी लग्न होऊन आली तो उन्हाळा बेलझरीचा शेवटचा उन्हाळा होता. बेलझरी तिचं गाव. लग्नाचा मांडव उतरला आणि पाठोपाठ घरंही उतरली. लोकांनी छपरांचे कवेलू काढले, सागाची दारं चौकटींसकट उपटून ट्रॅक्टरवर घातली. तिच्या वडिलांनी जुन्या न्हाणीचा दगडसुद्धा नेला म्हणतात. पावसाळ्यात पाणी चढलं आणि दसऱ्यापर्यंत तिथं काही नव्हतं. भाऊबीजेला भाऊ तिला नव्या गावठाणात घेऊन गेला. मुरमाच्या मोकळ्या माळावर आखलेले प्लॉट, त्यांना नंबर, आणि एकही मोठं झाड नाही. ती दोन दिवसांसाठी गेली होती, दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं परत आली. आईनं विचारलं, काहून व, करमलं नाही का माहेरी? वहिनी म्हणाली, माहेरी गेलीच कोठी.

आमच्याकडे सुनेला तिच्या गावावरून हाक मारतात. घाटंजीवाली, दारव्हेवाली, लाडखेडवाली. नाव नवऱ्याच्या घरचं होतं, पण हाक माहेराची राहते. म्हातारी होऊन मरेपर्यंत राहते. वहिनी आली तेव्हा ती बेलझरीवाली होती. पाणी चढल्यावर गल्लीतल्या बायका अडखळू लागल्या. बुडाल्या गावाचं नाव दिवेलागणीला घरात घेऊ नये, असं कुणीतरी आईच्या डोक्यात घातलं. आई तिला नुसतं 'नवी' म्हणू लागली. पुढे थोरल्या काकांकडेही नवी सून आली, तेव्हा वहिनीचं तेही गेलं. मग काही दिवस तिला हाकच नव्हती. 'अवं', 'इकडं ये', एवढ्यावर भागायचं. ती घुमी आहे, टेढी आहे, असं घरात म्हणू लागले.

मी तेव्हा बारावीत होते. नेरच्या आठवडी बाजारात रहीमचाचा स्टोव्ह दुरुस्त करायला बसत आणि शेजारी गोणपाटावर रद्दीची पुस्तकं मांडत. तिथं मला हिंदी चित्रकथांचा एक गठ्ठा मिळाला. आधीची पानं फाटलेली, शेवटची नाहीत, मधले भाग गहाळ. मी अभ्यासाच्या पुस्तकात घालून वाचत असे. चांदीच्या पोशाखातला एक वीर होता, तो पृथ्वी वाचवायचा. आणि कोरांग होता, तो तिमारा नावाच्या ग्रहावरून आला होता, आणि त्याला पृथ्वी हवी होती. खलनायकाला नेहमी दुसऱ्याचं काहीतरी हवं असतं. तिमारा सगळ्या गठ्ठ्यात मिळून चार-पाच चौकटींतच होता. राखाडी डोंगर, भेगाळलेली जमीन, आकाशात दोन चंद्र आणि एक काळा मनोरा. चित्रकारानं त्यावर फार वेळ घालवला नव्हता. जाळायचाच होता.

कापूस वेचायला सकाळी दव सुकल्यावर जायचं. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. लुगड्याची ओटी करून कमरेला बांधायची आणि दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढत पुढं सरकत राहायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी टोचतात. पाठ भरून येते. हात कामात आणि तोंड मोकळं, म्हणून वेचणीत बायका सतत बोलत असतात. त्यांना जे म्हणायचं असतं ते त्या समोरच्या पऱ्हाटीकडे, कापसाच्या झाडाकडे, पाहून म्हणतात, एकमेकींकडे बघत नाहीत. म्हणूनच कदाचित वेचणीत माणसं खरं बोलतात.

पारबतामावशी आमच्याकडे वेचायला यायची, तिच्याबरोबर सुमन आणि आणखी दोघीतिघी. पारबतामावशीची जीभ म्हणजे विळा. ती मला एकदा म्हणाली, रात-रात जागून काय वाचते व पोरी, आमाले पण सांग, आमच्या कानाले काही शाळेची मनाई नाही. मी सांगू लागले. माझ्याजवळची गोष्ट जिथून सुरू होत होती तिथूनच सांगितली. पहिल्याच पानावर तिमारा जळत होता. लोक पळत होते. कोरांग एका यानात बसून मागं पाहत होता.

आणि तिथंच ती चूक झाली. बायकांना वाटलं, ही गोष्ट कोरांगची आहे.

त्यांना दुसरं वाटणार तरी कसं? आमच्याकडची कहाणी ज्याच्या दुःखापासून सुरू होते त्याचीच असते. चांगला पंधरवडा त्या त्याच्यासाठी हळहळल्या. त्याचं नाव उच्चारायला अवघड, तर सुमननं कोरांग्या केलं. पारबतामावशीनं तिला दटावलं की परक्या गावच्या माणसाले असं म्हणू नये, आणि ती त्याला कोरांगभाऊ म्हणू लागली. मग चांदीच्या पोशाखातला वीर आला आणि त्यानं एका ठोशात कोरांगला समुद्रात फेकलं. सगळ्या पाती थांबल्या. हा कोण मंधात आला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हाच हिरो आहे. कोरांग दुष्ट आहे.

"कायचा हिरो व?" पारबतामावशी म्हणाली. "ज्याचं घर जळलं त्याले मारते, अन् हिरो म्हणते."

मी समजावून पाहिलं. कोरांगला सगळी पृथ्वी गुलाम करायची आहे, त्याच्याजवळ किरण आहेत, तो शहरं पाडतो. त्यांनी ऐकून घेतलं. पण मन वीराकडे वळलं नाही. ते तिमाराकडे वळलं. तिथं दोन चंद्र आहेत हे मी सांगितल्यावर सुमननं विचारलं की मग चतुर्थी सोडायची कोणता पाहून. यावर दिवसभर वाद झाला. शेवटी ठरलं की थोरला चंद्र चतुर्थीचा आणि धाकटा नुसता उजेडाचा. मग तिथं बाजार कोणत्या वारी भरतो ते निघालं. मग पारबतामावशीच्या लक्षात आलं की मी दाखवलेल्या चित्रांत एकही बाई नाही. सगळ्या ग्रहावर मिशीवाले आणि शिरस्त्राणवाले. मंग सैपाक कोण करते, असं तिनं विचारलं, आणि स्वतःच म्हणाली, बाया हायेत, पण घरात हायेत. फोटो काढणारा मनोऱ्याजवळूनच गेला, गावात आला नाही.

वहिनी या सगळ्यात कधी बोलायची नाही. ती कडेची पात धरायची, बांधाच्या बाजूची. तिच्या ओटीत कापूस सर्वांत स्वच्छ असायचा, पाल्याचा कण नाही. ती ऐकते आहे की नाही हेही कळत नसे. एके दिवशी मी तिमाराचे डोंगर सांगत होते, तर ती पऱ्हाटीकडे पाहत म्हणाली, "तेथं नदी हाये."

मी म्हणाले, चित्रात नाही.

"हाये. खडकाची हाये. उन्हाळ्यात नुसते डोह राह्यतात. मंधात एक गोटा हाये म्हशीवानी, पोरं त्याच्यावरून उड्या मारतात."

थोड्या वेळानं पारबतामावशी म्हणाली, अन् कडंनं? वहिनी म्हणाली, कडंनं उंबर. उन्हाळ्यापासून आमच्या घरात असलेली ती बाई पहिल्यांदा आपणहून बोलली होती, आणि बोलली ती असं, जणू काल संध्याकाळी तिथून पाणी भरून आली आहे.

त्यानंतर तिमारा आमच्या हातून गेला, म्हणजे माझ्या हातून गेला. मी फक्त कोरांगच्या लढाया सांगायचे. ग्रह त्या बायका सांगायच्या. रोज एखादी गोष्ट वाढायची. चढावर एक विहीर, जिच्यावर पोहऱ्याचा आवाज दोनदा येतो. एका आंब्याखाली पोरींचं भुलाबाईचं गाणं. एक आंधळा म्हातारा, जो पावलांवरून माणूस ओळखतो. कोण काय म्हणालं ते मला आता नीट सांगता येत नाही. आवाज पऱ्हाट्यांमधून यायचे आणि माणसं दिसायची नाहीत. मला ते तेव्हा मजेचं वाटायचं. घरी जाऊन मी चित्रकथेची पानं उघडून पाहिली की त्यांत तो राखाडी डोंगर आणि तो मनोरा तेवढाच असायचा, आणि मला चित्रकाराचीच कीव यायची.

मग पौषाच्या सुरुवातीला वहिनीनं तो प्रश्न विचारला. कोरांग पृथ्वीवर एका गुहेत लपला होता, एवढं मी सांगितलं होतं. ती ओटी सोडायला बांधावर आली होती. ओटी गाठोड्यात रिकामी करता करता तिनं मला विचारलं:

"ताई, त्यानं गावचा मारोती आणला का संगं?"

मी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले.

बेलझरीचा मारोती खडकात कोरलेला होता. डोंगराच्या पायथ्याशी जो मोठा कातळ, त्यातच तो. धरणाखालच्या दुसऱ्या गावांनी आपापले मारोती उपटले, वाजतगाजत बैलगाडीतून नेले, नव्या गावठाणात बसवले. बेलझरीला ते जमणार नव्हतं. सुरुंग लावावा लागला असता. त्यांनी शेंदूर लावला, नारळ फोडला आणि ते निघाले. नव्या जागी दुकानातून आणलेला मारोती बसवला. हे सगळं तिनं बांधावर उभं राहून मला सांगितलं, अगदी थोडक्यात, आणि पुन्हा पातीवर गेली. बेलझरीबद्दल बेलझरीचं नाव घेऊन ती माझ्याशी बोलली ते एवढंच. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

संक्रांतीच्या बाजारात रहीमचाचांनी माझ्यासाठी एक भाग वेगळा काढून ठेवला होता. त्याला शेवटची पानं होती. वीर कोरांगला हिऱ्याच्या एका तुकड्यात कोंडतो आणि अंतराळात सोडून देतो. कोरांग म्हणतो, मला माझ्या घरी जाऊ दे. वीर म्हणतो, तुझं घर आता धूळ आहे. खरंच एका चौकटीत नुसती धूळ काढली होती. दुसऱ्या दिवशी मी ते जसं होतं तसं सांगितलं. फिरवून सांगायचं मला सुचलं नाही. शेवटचा वेचा होता, बोंडं खुरटी, कापूस पिवळट. वाळक्या पानांचा आवाज तेवढा होता.

मग कडेच्या पातीवरून वहिनी म्हणाली, "जळाला नाही तो. पाण्याखाली हाये."

सगळ्यांना कळलं. आधीपासूनच कळलेलं असणार. मीच एकटी शिकलेली होते म्हणून मला उशीर झाला असेल. पारबतामावशीला सांत्वन करणं येत नसे. ती म्हणाली, "म्हणजे तू तिमारावाली हायेस तर. आधीच सांगतीस त मी तुले चतुर्थीचा चंद्र इचारला असता."

वहिनी हसली. आमच्या घरात आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि ती हसली तर चांगली मोठ्यानं, दात दिसेपर्यंत हसली. तेव्हापासून वेचणीतल्या बायकांनी तिला तिमारावाली म्हटलं. घरात नाही, गल्लीत नाही. फक्त शेतात. पंचवीसेक वर्षं तिची ती हाक त्या एका शेतापुरती होती. आई गेली, सई झाली, दादाचे केस पिकले, आणि दर कार्तिकात पारबतामावशी बांधावरून ओरडायची, चाल व तिमारावाली, दव सुकलं.

मी पुढे यवतमाळला शिकले, तिथंच नोकरीला लागले, पुस्तकांत राहिले. दरम्यान जगभर वीरांच्या गोष्टींचा पूर आला. सई लहान असताना तिच्या हट्टासाठी आम्ही यवतमाळच्या टॉकीजमध्ये तसला एक सिनेमा पाहायला गेलो होतो. वहिनीही होती. त्यातल्याही खलनायकाचा ग्रह फुटला. मोठ्या पडद्यावर फुटला, आवाजानं खुर्च्या हादरल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मध्यंतरात सई पॉपकॉर्न आणायला गेली, तेव्हा वहिनीनं मला हळूच विचारलं, माणसं आधी निघाली होती का. मी म्हणाले, दाखवलं नाही. ती म्हणाली, दाखवत नाहीत.

मी नंतर या गोष्टींचा बराच विचार केला आहे. कधी कधी वीराचं घरही नाहीसं झालेलं असतं. पण तो पाळण्यातला असतो. त्याला इथल्या कुणीतरी मांडीवर घेतलेलं असतं, त्याला तिथलं काही आठवत नसतं, म्हणून तो इथला होऊ शकतो आणि आपण त्याला आपला म्हणतो. खलनायक येतो तो जाणता होऊन. त्याला विहिरीचा आवाज आठवतो. आपल्याला त्याची भीती वाटते ती त्याच्या किरणांची नसावी. घरात नवी आलेली बाई चुलीजवळ बसून कुठंतरी भलतीकडे पाहत असली की सासरची माणसं अशीच बिचकतात, आणि तिला टेढी म्हणतात. पाळण्यातली सून कुणाला मिळत नाही. सगळ्या जाणत्याच येतात.

गेल्या वर्षी मी एसटीतून उतरून घरी पोचले तेव्हा वहिनीला ओसरीवर ठेवलं होतं. दादा खांबाला टेकून बसला होता. आमच्याकडे सवाशीण गेली की माहेराहून लुगडं येतं, ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. वहिनीचे आईवडील केव्हाच गेलेले. भाऊ सुरतेला गिरणीत. त्यानं फोनवर रडत सांगितलं की निघतो, पण उद्या दुपारपर्यंत पोचेन. नव्या गावठाणातली बेलझरीची घरं पांगलेली. कोण पुण्याला, कोण कुठं. एकाचा फोन लागला, त्याला नलू कोण हे लवकर आठवेना. थोरले काका म्हणाले, उन्हं कलली आहेत, उद्यापर्यंत ठेवणं बरोबर नाही. लुगडं आपणच आणू आणि माहेरचं म्हणून घालू. नुकतीच नागपूरहून पोचलेली सई म्हणाली, नको. ती तेव्हा तेवढंच बोलली. आईच्या अंगावर खोटं काही घालायचं नाही असं तिच्या मनात असावं. त्यामुळे सगळे बसून राहिले.

पारबतामावशी आली ती गर्दीतून वाट काढत आली. आता ती वाकली आहे, काठी घेते. मागं सुमन आणि हल्लीच्या वेचणीतल्या दोघी. सकाळची खबर ऐकून त्या शेतातून परस्पर नेरला गेल्या होत्या आणि तिथून ऑटोनं आल्या. लुगड्यांच्या काष्ट्यांना, केसांना कापसाचे धागे तसेच होते. पारबतामावशीच्या हातात कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं होतं.

काकांनी तिला विचारलं, हे काय. कोणत्या घरच्या बाईनं कोणत्या घरच्या बाईला लुगडं नेसवायचं, हे आमचं गाव विसरत नाही. पारबतामावशीचं घर गावाच्या त्या टोकाला आहे. आमच्या ओसरीच्या पायरीवर ती त्या दिवशी पहिल्यांदा चढली.

"माहेरचं लुगडं हाये," ती म्हणाली.

"तू तिची कोण लागतेस व?"

"माहेरची लागतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी शिकलेली आणि अशा वेळी मला विचारायची पद्धत आहे. मी म्हणाले, हो, माहेरच्याच आहेत. मग दादा खांबापासून उठला. तो आयुष्यात काकांपुढे कधी बोललेला नाही. तो म्हणाला, घाला मावशी. आणि पारबतामावशीनं आणि सुमननं ते हिरवं लुगडं वहिनीच्या अंगावर घातलं, निऱ्या नीट केल्या, पदर सारखा केला. पारबतामावशी तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

सईनं ते सगळं पाहिलं. माहेरच्या म्हणजे कशा, हे तिनं तेव्हापासून मनात ठेवलं असणार. परवाचा तिचा प्रश्न तिथूनच आला.

काल श्राद्ध झालं. आज मी सईला घेऊन शेतात गेले. मला वाटलं, पारबतामावशीला विचारून घेऊ. ग्रहातलं काय वहिनीचं आणि काय बायकांनी भर घातलेलं, ते निवडून काढू. जे निघेल ते सईला देऊ. कापसातून पाला काढतात तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पारबतामावशी आता वेचत नाही, बांधावर बसून गाठोडी राखते. मी तिला म्हणाले, नदी तर वहिनीच्या गावचीच ना, आणि तो म्हशीसारखा गोटा?

"गोटा माह्या माहेरचा," पारबतामावशी म्हणाली. "आमच्या गावच्या नदीत होता तो. मीच तिले एकडाव सांगतला होता, पयल्या पावसात कपडे धुता धुता. तिनं तिकडं नेला."

उंबर?

उंबर सुमनच्या गावचा. सुमन पातीतूनच म्हणाली, आमच्याकडं आता तोडला त्याले, रस्ता झाला. विहीर कुणाची ते दोघींनाही आठवेना. आंधळा म्हातारा घाटंजीकडच्या कुणाचा तरी आजा होता, ती बाई आता हयात नाही. भुलाबाईचा आंबा पारबतामावशी म्हणाली बेलझरीचा असेल. सुमन म्हणाली, नाही, तो मी सांगतला होता. दोघींचं थोडं वाजलं. सई एकीकडून दुसरीकडे पाहत होती. मग तिनं स्वतःच विचारलं, माझ्या आईचं त्यात काय होतं?

पारबतामावशीनं जरा विचार केला. तिला खोटं सांगता आलं असतं, आणि सईला ते आवडलं असतं.

"तुह्या मायनं आमचंच मांगून घेतलं व पोरी," ती म्हणाली. "आमाले वाटे, तिचं काढाले लावलं त तिले सोसाचं नाही. म्हणून आमी देत गेलो. तिचं तिनं किती घातलं, तिले मालूम."

सईनं बांधावरची ओढणी घेऊन कमरेला ओटी बांधली आणि कडेची पात धरली. तिला वेचता येत नाही. बोंडासकट तोडते, पाला येतो. सुमननं तिला दोन बोटं कशी घालायची ते दाखवलं. मी बांधावरच थांबले.

संध्याकाळी परत येताना मी तिला खरं ते सांगितलं. तिच्या आईचं गाव मला माहीत नाही. वेचणीतल्या बायकांनी रचलेला एक ग्रह मला आठवतो. त्यातलं तिच्या आईचं कोणतं, ते आता कुणाला सांगता येणार नाही. सई म्हणाली, मग ग्रहच सांग.

मी नदीपासून सुरुवात केली. तिमाराचा बाजार कोणत्या वारी भरायचं ठरलं होतं, तिथं अडले. त्या वेचणीतल्या आता पारबतामावशी, सुमन आणि मी, अशा तिघीच उरलो आहोत.